पाच वॅटचे कौतुक

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात आम्ही एक कार्यक्रम ठेवला होता. आमचे एक परवानाधारक हॅम स्नेही संध्याकाळी मैदानावर उभे राहून वॉकीटॉकीएवढ्या संचावरून, उपग्रहामार्फत, दूरदेशीच्या माणसाशी बोलणार होते. फळ्यावर आम्हीच रंगीत खडूने लिहिले होते : 'शक्ती फक्त पाच वॅट!' दोनशे मुले जमली, पालक जमले. ठरल्या वेळी उपग्रह क्षितिजावर आला, खरखर झाली, आमच्या स्नेह्यांनी आपला संकेत पुकारला. चार-पाच प्रयत्नांनंतर एका परक्या स्थानकाने तो संकेत उच्चारून दाखवला. यांनी आपला ठावठिकाणा सांगितला, त्याने त्याचा सांगितला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळा संवाद वीस सेकंदांत आटोपला होता.

त्या गर्दीत नववीतली एक मुलगी अगदी पुढे उभी होती. तिने मध्येच विचारले, "सर, ते अँटेना सारखा असा पिळतात का?" आम्ही तिला म्हणालो, "नंतर विचार, उपग्रह चाललाय." नंतर हारतुरे झाले, चहा झाला आणि प्रश्न राहून गेला.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही मुलांना काल काय पाहिले ते लिहावयास सांगितले. प्रत्येक वहीत 'पाच वॅट' होते. 'सरांच्या मित्रांचा आवाज अंतराळात गेला' हे वाक्य निम्म्या वह्यांत होते. त्या गृहस्थांनी दहा मिनिटांत संचाचे बटन पाच वेळा का फिरवले, अँटेना का पिळला, पुकारल्यावर लगेच उत्तर का आले नाही, याबद्दल एकाही वहीत ओळ नव्हती. दोष मुलांचा नव्हता. फळ्यावर काय लिहायचे ते आम्हीच ठरवले होते.

हौशी रेडिओच्या या शाखेविषयी जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात आमच्या त्या फळ्याचीच पुनरावृत्ती असते. हातात मावणारा संच, टॉर्चच्या दिव्याइतकी शक्ती आणि थेट अंतराळ! हे विधान खोटे नाही. पण त्यात कौतुक केलेली गोष्ट साऱ्या प्रकारातली सर्वांत सोपी गोष्ट आहे, आणि जी खरोखर अवघड व शिकण्याजोगी आहे तिचा त्यात पत्ताच नाही. शिक्षकांनी तरी हे विधान जसेच्या तसे पुढे पाठवू नये, असे आमचे मत आहे. ते का, हे थोडा हिशेब करून पाहू.

उदाहरणासाठी सौदी-ऑस्कर ५० हा उपग्रह घेऊ. तो २० डिसेंबर २००२ रोजी बैकानूरहून सोडण्यात आला आणि दोन दशकांहून अधिक काळ जगभरच्या हातसंचवाल्यांच्या उपयोगी पडला. पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून तो फिरतो. जमिनीवरून १४५.८५० मेगाहर्ट्झवर बोललेले तो ऐकतो आणि त्याच क्षणी ते ४३६.७९५ मेगाहर्ट्झवर पुन्हा प्रक्षेपित करतो. म्हणजे गावातल्या टेकडीवर पोलिसांचा जसा रिपीटर असतो, तसाच हा रिपीटर, फक्त टेकडी ६५० किलोमीटर उंच आणि सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावणारी. नागपूरच्या डोक्यावर असताना त्याच्या टापूत एकीकडे मस्कत आणि दुसरीकडे बँकॉक, दोन्ही येतात.

आता पाच वॅट वर जातात त्यांचे काय होते? शक्ती सर्व दिशांना सारखी पसरते असे धरू. ६५० किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचे पृष्ठफळ सुमारे ५३ लाख चौरस किलोमीटर भरते. त्यावर पाच वॅट पसरले की प्रत्येक चौरस मीटरला एका वॅटचा सुमारे एक लाख कोटीवा भाग मिळतो. ही शक्ती नगण्य वाटेल. पण १४५ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीचा साधा द्विध्रुव अँटेना जवळपास अर्ध्या चौरस मीटरवरची शक्ती गोळा करतो, आणि बोलणे नीट कळण्यासाठी चांगल्या ग्राहीला जेवढी शक्ती लागते तिच्या ही पाच-सहाशे पट असते. वाटेत डोंगर नाही, इमारत नाही, झाड नाही. उपग्रह क्षितिजाजवळ असला तर अंतर सुमारे २९५० किलोमीटर होते आणि व्यस्त वर्गाच्या नियमाने शक्ती विसाव्या भागावर येते. तरीही ती गरजेच्या पंचवीस-तीस पट उरते. तेव्हा 'पाच वॅट अंतराळात पोचतात' यात चमत्कार काही नाही. एक वॅटसुद्धा पोचेल.

खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे. उपग्रहाचा प्रेषक पाव वॅटचा, म्हणजे आपल्या संचाच्या विसाव्या भागाइतका. त्यातून परतीची वारंवारता तिप्पट, म्हणजे तरंगलांबी एक तृतीयांश. द्विध्रुव अँटेना किती क्षेत्रावरची शक्ती गोळा करतो ते तरंगलांबीच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ते क्षेत्र नवव्या भागावर येते. वीस गुणिले नऊ म्हणजे एकशे ऐंशी. आपण उपग्रहाला जितके स्पष्ट ऐकू जातो, त्याच्या एकशे ऐंशीव्या भागाने तो आपल्याला ऐकू येतो. उपग्रह अगदी डोक्यावर असला तर लागणाऱ्या शक्तीच्या जेमतेम तिप्पट-चौपट हाती येते. क्षितिजाजवळ तर गरजेच्या सहाव्या भागावर येऊन तो खरखरीत बुडतो. संचाबरोबर मिळणारा रबरी अँटेना द्विध्रुवापेक्षाही कमी प्रतीचा असतो, त्यामुळे त्यावर डोक्यावरचा उपग्रहही धड ऐकू येत नाही. म्हणूनच ही मंडळी पाच-सहा कांड्यांचा यागी अँटेना हातात धरून उभी असतात. तो आठ-दहा पट शक्ती गोळा करतो, आणि मग कसेबसे जमते.

वरील सर्व हिशेब दहावीच्या विद्यार्थ्याला करता येतो. गोलाचे पृष्ठफळ, व्यस्त वर्गाचा नियम आणि गुणाकार यांपलीकडे त्यात काही नाही. आमच्या फळ्यावर 'पाच वॅट' ऐवजी 'एकशे ऐंशी पट' लिहिले असते, तर निदान पाच-सात मुलांनी तरी 'कसे?' असे विचारले असते.

हॅम मंडळींच्या बोलीत 'मगर' असा एक शब्द आहे. तोंड मोठे आणि कान लहान असलेले स्थानक म्हणजे मगर. उपग्रहावर मगरींचा सुळसुळाट असतो. स्वतःला काही ऐकू येत नाही म्हणून उपग्रहालाही आपण ऐकू येत नसू अशा समजुतीने हे लोक पुन्हा पुन्हा पुकारत राहतात. वस्तुतः उपग्रहाला ते छान ऐकू येत असतात आणि त्याच वेळी ते दुसऱ्या कोणाचे तरी बोलणे मोडत असतात. कमी किमतीच्या बहुतेक हातसंचांत बोलत असताना ऐकण्याची सोय नसते, ही आणखी एक अडचण. बटन दाबले की कान बंद. आपला आवाज उपग्रहावरून परत येतो आहे की नाही हे त्या माणसाला कळतच नाही. आमच्या स्नेह्यांचा संचही असाच होता, आणि त्यांचे पहिले चार प्रयत्न का वाया गेले ते आम्हाला पुष्कळ नंतर उमगले. यावरचा उपाय साधा आहे : दोन संच घ्यावेत, एक बोलायला आणि एक फक्त ऐकायला, आणि ऐकण्याच्या संचाला इअरफोन लावावा, नाहीतर दोघांची शीळ घुमू लागते.

शक्तीची जी कथा तीच डॉप्लर परिणामाची. जवळ येणाऱ्या गाडीच्या शिटीचे उदाहरण आपण वर्गात सांगतो आणि पुढे जातो. येथे तो परिणाम बटनावर बोट ठेवून अनुभवता येतो. उपग्रह उगवताना आपल्याकडे सेकंदाला सुमारे ६.८ किलोमीटर वेगाने येत असतो. ४३६.८ मेगाहर्ट्झला याने वारंवारता सुमारे १० किलोहर्ट्झने वाढलेली दिसते, मावळताना तेवढीच घटलेली दिसते. संच पाच-पाच किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी फिरतो, म्हणून ऐकणाऱ्याला एका फेरीत पाच ठिकाणी बटन लावावे लागते : ४३६.८०५, .८००, .७९५, .७९०, .७८५. वर जाणाऱ्या १४५ मेगाहर्ट्झच्या लहरीत मात्र हा फरक तीन-सव्वातीन किलोहर्ट्झच असतो. एफएम ग्राही तेवढा सहज खपवून घेतो, बोलणाऱ्याला काहीच करावे लागत नाही. म्हणजे येथेही सारे काम ऐकणाऱ्याच्या बाजूला!

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू, कारण तिसरी अडचण तीच आहे. उपग्रहाचे अँटेना म्हणजे सरळ कांड्या. त्यातून निघणारी लहर एका प्रतलात कंप पावते, तिला ध्रुवित लहर म्हणतात. उपग्रह स्वतःभोवती फिरत असतो, त्यामुळे हे प्रतल सतत बदलते. शिवाय आयनांबरातून येताना ते आणखी वळते. आपल्या अँटेनाच्या कांड्या त्या प्रतलाशी काटकोनात असल्या तर आवाज जवळपास नाहीसा होतो. मनगट पिळले की तो पुन्हा येतो. ही गोष्ट वर्गात दाखवायला उपग्रह लागत नाही. कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर पोलरॉइडचा चष्मा धरून फिरवावा. एका स्थितीत आकडे दिसेनासे होतात. प्रकाशाचे ध्रुवण आणि रेडिओलहरीचे ध्रुवण एकच, हे ज्याला मनगटातून कळले तो ते विसरणार नाही. आम्ही त्या संध्याकाळी हाच प्रश्न चहापायी घालवला.

येथवर साधनांची गोष्ट झाली. खुद्द संवादाबद्दलही आम्हाला थोडे कडू बोलावयाचे आहे. एफएम उपग्रहावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघे एकदम बोलले तर एफएम ग्राही प्रबळ लहर पकडतो आणि दुबळी दाबून टाकतो. म्हणून पन्नास वॅट आणि गच्चीवरचा मोठा अँटेना असलेला माणूस हातसंचवाल्याला सहज झाकून टाकतो. 'कमी शक्तीचे कौतुक' ज्या मंचावर चालते, त्या मंचाची रचनाच बलवानाच्या सोयीची आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. आणि बारा-तेरा मिनिटांच्या त्या फेरीत टापूतली सारी स्थानके तुटून पडत असल्याने संवाद उरतो तो एवढाच : आपला संकेत, त्याचा संकेत, आपला चौकोन, त्याचा चौकोन, धन्यवाद. हा चौकोन म्हणजे पृथ्वीचे दोन अंश रेखांश व एक अंश अक्षांश असे पाडलेले तुकडे. पुणे आणि दक्षिण मुंबई दोन्ही 'एमके ६८' मध्ये पडतात, नागपूर 'एमएल ९१' मध्ये. (पुणेकर आणि मुंबईकर एकाच चौकोनात बसतात असे ठिकाण जगात हे एकच असावे.) चौकोन गोळा करण्याचा छंद वाईट नाही. तिकिटे गोळा करण्याइतकाच तो चांगला आहे. पण तिकिटे गोळा करणाऱ्याला आपण टपालखात्याचा शास्त्रज्ञ म्हणत नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील शालेय संवादांचे काय, असे वाचक विचारतील. २१ डिसेंबर २००० रोजी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातील ल्यूथर बरबँक शाळेतून असा पहिला संवाद झाला. तेव्हापासून जगभरच्या शाळांनी तो अनुभव घेतला आहे, आणि जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी स्थानकावरून भारतातील विद्यार्थ्यांशी हॅम रेडिओवर बोलून आपल्याकडेही ही हौस पुन्हा जागी केली. आपल्या भाषेत, आपल्या उच्चारांत अंतराळातून उत्तर येणे याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. तरीही शिक्षक म्हणून काही गोष्टी दिसतात. दहा मिनिटांची वेळ, आधी लिहून दिलेले प्रश्न, ओळीने उभी मुले. 'आपण काय खाता, कसे झोपता' या प्रश्नांची उत्तरे शाळेच्या ग्रंथालयातही सापडतात. स्थानक चारशे-सव्वाचारशे किलोमीटरवर, म्हणजे तुलनेने जवळ, आणि तेथून १४५.८०० मेगाहर्ट्झवर उपग्रहापेक्षा पुष्कळ अधिक शक्तीने बोलतात. डॉप्लर साडेतीन किलोहर्ट्झच्या आतच राहतो. म्हणून ते ऐकणे फार सोपे आहे. नवख्याला हे वरदानच, आम्हीही सुरुवात तेथूनच करा असे सांगू. पण सोपेपणामुळे जे शिकायचे तेही झाकले जाते. बटन फिरवावे लागत नाही, म्हणून डॉप्लर दिसत नाही.

गंमत अशी की अंतराळातून हौशी रेडिओवर बोलणारा पहिला माणूस स्वतःच हातसंच घेऊन वर गेला होता. १९८३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कोलंबिया यानातून ओवेन गॅरिएट यांनी पाच वॅटच्या हातसंचावर आणि खिडकीला लावलेल्या अँटेनावर जगभरच्या हौशी मंडळींशी संपर्क साधला. जॉर्डनचे राजे हुसेन त्यांतलेच एक. तेव्हा कमी शक्ती वर होती आणि खाली बसलेल्यांचे काम कान लावण्याचे होते.

या छंदाचा आरंभही ऐकण्यातूनच झाला आहे. १२ डिसेंबर १९६१ रोजी कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी बनवलेला ऑस्कर १ हा उपग्रह दुसऱ्या एका उपग्रहाच्या अग्निबाणावर, भार म्हणून ठेवावयाच्या वजनाच्या जागी बसून वर गेला. त्याची शक्ती १४० मिलिवॅट. त्याच्याशी बोलण्याची सोयच नव्हती. तो मोर्सच्या भाषेत फक्त 'हाय' एवढे म्हणत असे : चार टिंबे, मग दोन टिंबे. पण त्या 'हाय'चा वेग उपग्रहाच्या आतील तापमानावर अवलंबून ठेवलेला होता. घड्याळ लावून 'हाय' मोजले की उपग्रह किती तापला आहे ते कळे! बॅटरी संपेपर्यंत, म्हणजे सुमारे तीन आठवडे, २८ देशांतल्या ५७० हून अधिक हौशी लोकांनी ही मोजणी करून पाठवली. त्या सहा टिंबांत जेवढे विज्ञान होते तेवढे आमच्या प्रदर्शनातल्या 'एमके ६८'मध्ये नव्हते.

शाळेपुरते बोलायचे तर याहून मोठे उदाहरण इंग्लंडमधील केटरिंग ग्रामर स्कूलचे आहे. तेथील भौतिकशास्त्राचे शिक्षक जेफ्री पेरी यांनी १९६० पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन सोव्हिएत उपग्रहांचे संकेत ऐकायला सुरुवात केली. सहकारी डेरेक स्लेटर हे रसायनशास्त्राचे शिक्षक आणि हौशी रेडिओवाले, ग्राही त्यांचा. मूळ उद्देश काय, तर वर्गात डॉप्लर परिणाम दाखवणे. वीस मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावून मुले वेळा टिपत : केव्हा उगवला, केव्हा मावळला, आवाजाचा सूर केव्हा बदलला. वर्षामागून वर्षे अशा वह्या भरल्या. १९६६ साली कॉसमॉस ११२ या उपग्रहाच्या वेळा नेहमीच्या हिशेबात बसेनात. हा बैकानूरहून सुटलेला असूच शकत नाही, असे त्या वह्यांनी सांगितले. पुढच्या उपग्रहांच्या मार्गांनी त्याला दुजोरा दिला, आणि सोव्हिएत संघाचा प्लेसेत्स्क येथील प्रक्षेपणतळ, जो सरकारने जाहीर केलेला नव्हता, एका शाळेने जगाला दाखवून दिला. तेथे कोणी एक वॅटदेखील प्रक्षेपित केला नव्हता.

आपल्या देशाचेही एक उदाहरण आहे, आणि ते हुकलेल्या संधीचे आहे असे आम्हाला वाटते. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही सी-६ या अग्निबाणाने कार्टोसॅट-१ बरोबर हॅमसॅट हा ४२.५ किलोग्रॅमचा उपग्रह कक्षेत नेला. इस्रोने तो हौशी मंडळींसाठीच बांधला होता. त्यावर दोन ट्रान्सपाँडर होते, एक भारतीय आणि एक डच. ते एफएमचे नव्हते. रेषीय पद्धतीचे असल्याने त्यांच्यात सुमारे ६० किलोहर्ट्झचा पट्टा एकाच वेळी अनेकांना वाटून मिळे. दहा-बारा जोड्या शेजारी शेजारी बोलू शकत, आणि एखादा फार मोठ्याने बोलू लागला तर उपग्रहाची ठरावीक शक्ती तो खाऊन टाकी व बाकी सर्वांचे आवाज खाली जात. म्हणून त्यावर कमी शक्ती वापरणे ही बढाई नसून सभ्यता होती. स्वतःचा परत येणारा आवाज सतत ऐकत राहावे लागे, बटन सतत हलवावे लागे. साध्या एफएम हातसंचावर ते जमत नसे. पण खांद्याला अडकवण्याजोगा पाच वॅटचा एकपट्टी संच आणि हातातला अँटेना यांवर लोक त्यावरून बोलत. हा उपग्रह नऊ वर्षे चालला. जुलै २०१४ मध्ये बॅटरी निकामी झाल्याने तो थांबला. या नऊ वर्षांत आपल्या भागातल्या किती शाळांनी तो ऐकला? आमच्या शाळेने ऐकला नाही. आम्हाला तेव्हा त्याची माहिती होती, आणि 'आपल्याकडे प्रक्षेपणाचा परवाना कोणाला आहे' या विचारात आम्ही ती नऊ वर्षे घालवली.

परवान्याची गोष्ट खरी आहे. प्रक्षेपण करावयाचे तर केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना घेतलाच पाहिजे, आणि मुलांच्या हाती संच देऊन बटन दाबू देणे हा खेळ नव्हे. म्हणूनच परवानाधारक हॅमला शाळेत बोलवावे, पण त्याला बोलावयास लावण्याऐवजी मुलांना ऐकवावयास सांगावे. आम्ही पुढे तसेच केले. त्यासाठी काय लागले? ऐकण्याचा एक हातसंच, लोखंडी मोजपट्टीचे तुकडे व पीव्हीसी पाइप यांचा बनवलेला यागी (४३६ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी ३४ सेंटिमीटर, सुताराच्या पट्टीवर मोजता येते), इअरफोन, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि वही. त्या दिवशी जो एफएम उपग्रह चालू असेल त्याची वेळ संगणकावर पाहून घ्यावी. एका मुलाने अँटेना धरावा, एकाने बटन सांभाळावे, एकाने ऐकावे आणि पाच पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आवाज केव्हा सर्वांत स्वच्छ होता ती वेळ ओरडून सांगावी, एकाने लिहावी.

पाच बिंदूंचा आलेख होतो, पण तो पाहण्यासारखा असतो. उपग्रह डोक्यावरून जाणारा असला तर सुमारे साडेतेरा मिनिटांच्या फेरीत पहिली पाच-सहा मिनिटे वरच्या पायऱ्यांवर जातात, मग ५ किलोहर्ट्झ वरपासून ५ किलोहर्ट्झ खालपर्यंतची सारी उतरण दीड-पावणेदोन मिनिटांत होते, आणि उरलेला वेळ पुन्हा खालच्या पायऱ्यांवर. उपग्रह क्षितिजालगत तिरका गेला तर हीच उतरण सावकाश होते. म्हणजे वहीतला आलेख पाहून, आकाशाकडे न बघता, उपग्रह डोक्यावरून गेला की बाजूने, हे सांगता येते. केटरिंगची मुले याहून फार वेगळे काही करत नव्हती, ती फक्त पुष्कळ वर्षे करत होती.

पहिल्या दोन फेऱ्या आमच्या फुकट गेल्या. पहिल्या वेळी संचाची घरघर बंद करणारे बटन, ज्याला स्क्वेल्च म्हणतात, ते चालूच राहिले होते आणि दुबळा आवाज आतच अडकला. दुसऱ्या वेळी घड्याळ तीन मिनिटे मागे होते. तिसऱ्या फेरीला अँटेना त्याच मुलीच्या हातात होता, ती आता दहावीत होती. अँटेना कसा पिळायचा हे तिला कोणी सांगितले नाही; आवाज बुडाला की तिचे मनगट आपोआप वळत होते. त्या फेरीची वही आमच्याकडे आहे. पाचांपैकी चार बिंदू वक्राशी छान जुळतात. तिसरा बराच बाजूला पडला आहे, कारण ऐन वेळी साखर कारखान्याचा भोंगा वाजला. लिहिणाऱ्या मुलाने तो बिंदू खोडला नाही. शेजारी बारीक अक्षरात 'भोंगा' असे लिहून ठेवले आहे.